गाळलेलें नांव

मुलुंडास राहून दादरच्या बाजूस नोकरी करणाऱ्या मनुष्याच्या आयुष्याचा बराच भाग रेल्वेच्या पुलावर जातो. पस्तीस वर्षें आम्ही गणित शिकवीत होतों, आणि तेवढीं वर्षें दिवसांतून दोन वेळां पूल चढत व उतरत होतों. पूल म्हणजे केवळ चालण्याची जागा, असें ज्यांस वाटतें त्यांनीं उपनगरांत दिवस काढलेले नाहींत असें समजावें. पूल ही उभें राहण्याचीही जागा आहे. धीमी गाडी कोणत्या फलाटावर येणार, जलद गाडीस आज किती उशीर, हें फलकावर दिसेपर्यंत जिन्याच्या तोंडाशीं थांबावयाचें, आणि आंकडा झळकतांच एकदम खालीं धांवावयाचें, ही विद्या आम्हांस कोणीं शिकविली नाहीं. ती आपोआप अंगवळणीं पडली. ही क्षुल्लक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

निवृत्त झालेल्या शिक्षकास शास्त्रीय नियतकालिकांकडून सहसा पत्रें येत नाहींत. म्हणून गेल्या वर्षीं एका परदेशी नियतकालिकाच्या संपादकांची विनंति आली तेव्हां आम्हांस आश्चर्य वाटलें, आणि खोटें कशास बोलावें, थोडा आनंदही झाला. उपनगरी रेल्वेच्या एका पादचारी पुलावरील गर्दीसंबंधीं एक शोधनिबंध त्यांच्याकडे आला होता. त्याचें परीक्षण आम्हीं करावें, अशी ती विनंति होती. रांगांच्या गणितावर आमचा एक निबंध फार वर्षांपूर्वीं प्रसिद्ध झाला होता, त्यावरून त्यांनीं आमचें नांव शोधून काढलें असावें. त्या जुन्या निबंधाविषयींही पुढें लिहावें लागेल. पत्रांत एक अट होती. त्या नियतकालिकाचें परीक्षण उघडें असतें: परीक्षकाचें मत त्याच्या नांवानिशीं छापलें जातें, लेखकांचें उत्तर त्याखालीं येतें, आणि निबंधाची पहिली प्रत, सुधारलेली प्रत व मधला सारा पत्रव्यवहार कोणासही वाचावयास मिळतो. आम्हीं तोंपर्यंत केलेलीं परीक्षणें बिननांवाचीं होतीं. घरांत विचारलें तेव्हां उत्तर मिळालें, ‘ज्याखालीं सही करवत नाहीं तें लिहूं नये.’ आम्हीं अट मान्य केली.

ज्या वाचकांस हा विषय परका आहे त्यांच्यासाठीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. रसायनशास्त्रज्ञ परीक्षानळींत प्रयोग करतो. परंतु चेंगराचेंगरी कशी होते हें पाहण्यासाठीं जिवंत माणसांस पुलावर कोंडतां येत नाहीं. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं सकाळीं, पाऊस पडत असतां, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर जी चेंगराचेंगरी झाली तींत तेवीस माणसें दगावलीं. तशी घटना पुन्हां घडवून पाहणें शक्य नाहीं, व शक्य असतें तरी तें पाप झालें असतें. म्हणून संगणकांत एक पूल बांधतात. त्याची लांबीरुंदी व जिने खऱ्या पुलाबरहुकूम असतात, आणि त्यावर माणसांच्या ऐवजीं हजारों ठिपके सोडतात. प्रत्येक ठिपक्यास कांहीं नियम दिलेले असतात: अमुक वेगानें जावें, भिंतीपासून इतकें दूर राहावें, दुसऱ्याचें अंग लागूं लागतांच बाजूस सरावें. डर्क हेल्बिंग, इलेश फार्काश व तामाश व्हिचेक या तिघांनीं २००० सालीं ‘नेचर’मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असे ठिपके एका अरुंद दारांतून बाहेर काढून दाखविले, प्रत्येकानें घाई केली कीं सर्वांसच बाहेर पडण्यास अधिक वेळ लागतो, ही गोष्ट त्यांतून निघाली. या पद्धतीस सिम्युलेशन म्हणतात. आम्ही या लेखांत त्यास प्रतिरूप म्हणूं.

प्रतिरूपाचा एक विशेष असा कीं, तेथें निसर्ग साक्षीस येत नाहीं. परीक्षानळींतील द्रव शास्त्रज्ञास तोंडघशीं पाडूं शकतो. प्रतिरूप मात्र त्याच्या नियमांच्या पोटांत जें असेल तेंच बाहेर आणतें, मग तें कधीं कधीं आपणांस कितीही चकित करो. यास्तव नियम कोणीं निवडले, आणि यंत्रास समजतील अशा आज्ञावलींत ते कोणीं उतरविले, या प्रश्नास येथें फार महत्त्व आहे. आज्ञावली लिहिणारा हा केवळ लेखनिक नव्हे. प्रयोगशाळेंत नळी ज्याच्या हातीं असते तो तोच. आणि हें काम केवळ पंडितांच्या करमणुकीचें राहिलेलें नाहीं. २०२० सालीं टाळेबंदींत आपण सारे घरांत बसलों असतां कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील संदीप जुनेजा, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील राजेश सुंदरेशन व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईचें एक प्रतिरूप सिद्ध केलें. त्यांतील काल्पनिक मुंबईकरांस घरें व कामाच्या जागा दिलेल्या होत्या, झोपडवस्ती व इतर वस्ती असा भेद केलेला होता, आणि लोकल गाड्या सुरू केल्या तर साथ कशी पसरेल हेंही त्यांत चालवून पाहिलेलें होतें. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत दहिसर, चेंबूर व माटुंगा या बाजूंच्या तीन प्रभागांत रक्ततपासणी झाली, तेव्हां झोपडवस्तींत शेंकडा ५७ व इतरत्र शेंकडा १६ लोकांच्या रक्तांत साथ होऊन गेल्याच्या खुणा सांपडल्या. प्रतिरूपास खऱ्या मुंबईशीं ताडून पाहण्याचें असें एक साधन मिळालें. त्या मंडळींनीं आपली आज्ञावली सर्वांस पाहतां येईल अशी उघडी ठेवली, हें विशेष. बोरिवलीचा कारकून कामावर केव्हां जाऊं शकेल, याचा विचार ज्या कागदांच्या आधारें व्हावयाचा, ते कागद कोणीं लिहिले व कोणीं तपासले, हें बोरिवलीच्या कारकुनासही कळूं शकलें पाहिजे.

आमच्याकडे आलेल्या निबंधावर चार नांवें होतीं. पहिलें व चौथें नांव वडीलधाऱ्या प्राध्यापकांचें, दुसरें एका अभियंत्याचें, तिसरें एका तरुण संशोधिकेचें. निबंध चांगला होता. आम्हीं तीन सूचना केल्या. पैकीं दोन किरकोळ होत्या. तिसरी अशी: पुलावरील ठिपक्यांत एक निराळा वर्ग केलेला होता, हे ठिपके चालत नसत, जिन्याच्या तोंडाशीं थांबत आणि ठराविक क्षणीं एकदम धांवत सुटत. अशा वर्गाचा उल्लेख मान्य ग्रंथांत आम्हांस आढळला नाहीं. म्हणून आम्हीं लिहिलें कीं, या वर्गास प्रसिद्ध लेखनाचा आधार द्यावा, नाहीं तर तो काढून टाकावा. खालीं सही केली आणि एक काम नीट पार पडल्याच्या समाधानांत राहिलों.

दोन महिन्यांनीं सुधारलेली प्रत आली. सूचना मान्य केल्याबद्दल आभार होते. तो वर्ग काढून टाकलेला होता. पुलावर गर्दी तुंबण्याची भीति पुष्कळ कमी आहे, असा निष्कर्ष आतां निघत होता. आणि नांवें तीनच होतीं. तिसरें नांव गेलें होतें.

पहिली प्रत समोर ठेवलेली नसती तर हें आमच्या ध्यानांतही आलें नसतें. शास्त्रीय लेखांच्या परीक्षणाची रीत फार जुनी दिसते, पण तिचें आजचें रूप तितकें जुनें नाहीं. हेन्री ओल्डनबर्ग यांनीं लंडनांत १६६५ सालीं ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ काढलें, तेव्हां काय छापावें हें बहुतांशीं तेच ठरवीत. बाहेरच्या जाणत्यांकडे लेख पाठवून त्यांचें मत गुप्तपणें घेण्याची रूढी पुढें सावकाश रुजली. ‘नेचर’सारख्या पत्रांत ती सरसकट नियम झाली ती १९७३ सालीं. गुप्ततेच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे. पंडितांच्या जगांत लागेबांधे असतात, आणि तरुण माणसास वडिलांची चूक दाखवावयाची तर पडदा असलेला बरा. परंतु पडद्याआड जशी चूक निर्भयपणें दाखवितां येते, तसा दंशही निर्भयपणें करतां येतो. म्हणून ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नें १९९९ सालीं परीक्षकाचें नांव लेखकास कळविण्यास आरंभ केला. २००१ सालीं निघालेल्या ‘ॲटमॉस्फेरिक केमिस्ट्री अँड फिजिक्स’नें लेख, मतें व उत्तरें यांची चर्चा सर्वांपुढें मांडली. २००८ सालीं सुरू झालेल्या ‘जिओसायंटिफिक मॉडेल डेव्हलपमेंट’नें तीच रीत पृथ्वीच्या व हवामानाच्या प्रतिरूपांस लागू केली. २०२५ च्या जूनपासून खुद्द ‘नेचर’नें नव्या शोधनिबंधांबरोबर परीक्षणाचा पत्रव्यवहार छापण्याचा नियम केला; परीक्षकानें आपलें नांव मात्र द्यावें किंवा न द्यावें, हें त्याच्या खुषीवर ठेवलें.

तें नांव कां गेलें असावें, याविषयीं आमच्या मनानें लगोलग निकाल दिला. आज्ञावली त्या बाईंनींच लिहिली असणार. काम झालें, आणि मोठ्यांनीं नांव पुसलें. असा निकाल देण्यास आधार नव्हता असें नाहीं. प्रतिरूपशास्त्राच्या जन्मकाळींच तशी एक गोष्ट घडलेली आहे. एन्रिको फर्मी, जॉन पास्टा व स्टॅनिस्लॉ उलाम यांनीं अमेरिकेंतील लॉस ॲलॅमॉस येथील ‘मॅनिॲक’ नांवाच्या यंत्रावर एका कंप पावणाऱ्या तारेचें प्रतिरूप चालविलें. तारेंतील शक्ति हळूहळू सर्वत्र सारखी वांटली जाईल अशी अपेक्षा होती. परंतु ती फिरून जवळजवळ मूळ ठिकाणीं परत आली. या आश्चर्यांतून गणिताची एक नवी शाखा वाढीस लागली. १९५५ सालच्या त्या अहवालाच्या पहिल्या पानावर अहवाल लिहिणारे म्हणून तीन नांवें आहेत आणि काम करणारे म्हणून चार. चौथें नांव मेरी त्सिंगू या बाईंचें. यंत्रासाठीं आज्ञावली रचून ती चालविण्याचें काम त्यांचें होतें. पुढें पन्नास वर्षें जगानें तो प्रश्न तिघांच्याच नांवानें ओळखला. त्यांचेंही नांव त्यास जोडावें अशी सूचना २००८ सालीं एका फ्रेंच पदार्थविज्ञानवेत्त्यानें केली, तेव्हां कोठें तें लोकांच्या तोंडीं येऊं लागलें. याच्या उलट प्रकार १९५३ सालचा. त्या वर्षीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांतील गणनपद्धति आज सर्व जगांत निकोलस मेट्रोपोलिस यांच्या नांवानें चालते, कारण पांच नांवांत त्यांचें नांव पहिलें होतें. पांचांपैकीं मार्शल रोझेनब्लूथ यांनीं २००३ सालीं सांगितलें कीं, यंत्रावर वेळ मिळवून देण्यापलीकडे मेट्रोपोलिस यांचा त्या कामांत भाग नव्हता. आज्ञावली लिहिली होती ती अरियाना रोझेनब्लूथ यांनीं.

आमच्याकडे पूर्वीं चोरी होई ती उलट्या दिशेनें. आपली ओवी ज्ञानेश्वरांच्या ग्रंथांत घालावी, आपला अभंग नामदेवांच्या नांवावर खपवावा, आणि आपण नामानिराळें राहावें. एकनाथांस शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरी शुद्ध करावी लागली ती अशाच पाठभेदांमुळें. पण त्याच ग्रंथाच्या शेवटीं एक गोष्ट आहे, ती आजच्या पंडितांनीं अवश्य पाहावी. ग्रंथ शके १२१२ मध्यें सिद्ध झाला, आणि तो उतरून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचें नांव त्याच ओवींत घातलेलें आहे. लेखनिकाचें नांव तळटीपेंत नाहीं, ग्रंथाच्या अंगांतच आहे.

एवढें सारें ठाऊक असलेल्या माणसाचें स्वतःचें वर्तन कसें होतें, हें आतां सांगितलें पाहिजे. १९९४ च्या सुमाराची गोष्ट. महिन्याच्या आरंभीं पास काढण्यासाठीं तिकिटाच्या खिडकीपुढें जी रांग लागे, तिचें प्रतिरूप करावें असें आमच्या मनांत आलें. कल्पना आमची होती, समीकरणें आमचीं होतीं. परंतु मनगटी घड्याळ घेऊन मुलुंड स्टेशनांत सकाळीं साडेसहापासून उभा राही तो आमचा एम्. एस्सी.चा एक विद्यार्थी. आज्ञावली त्यानें लिहिली, व एका ओळखीच्या ठिकाणीं रात्रीचें यंत्र मिळवून ती चालविलीही त्यानेंच. निबंध आमच्या एकट्याच्या नांवानें गेला. बिननांवाच्या परीक्षकानें एकच प्रश्न विचारला: खिडकी उघडतांना रांग रिकामी असते, तो आरंभीचा काळ हिशेबांत धरला आहे काय? धरला असेल तर सरासरी खोटी येईल. आम्हांस उत्तर ठाऊक नव्हतें. विद्यार्थ्यास विचारलें. तो म्हणाला, पहिला अर्धा तास मीं आरंभापासूनच वगळला आहे, तो धरणें बरें दिसेना. तें उत्तर आम्हीं आमच्या सहीनें पाठविलें, आणि निबंध छापला गेला. त्याचें नांव शेवटच्या ओळींत, ऋणनिर्देशांत, टंकलेखकाच्या नांवाबरोबर आलें. त्याबद्दल तो कांहीं बोलला नाहीं. ‘पुढच्या निबंधांत पाहूं’ असें आम्ही म्हणालों होतों. पुढचा निबंध झालाच नाहीं.

तेव्हां हें सर्वमान्य होतें, असें म्हणून सुटतां येईल. परंतु वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनीं लेखक कोणास म्हणावें याचे नियम १९८५ सालींच केले होते. आज त्यांच्या चार कसोट्या आहेत: कामांत भरीव भाग, लेखनांत किंवा त्याच्या चिकित्सेंत भाग, शेवटच्या प्रतीस संमति, आणि सर्व कामाबद्दल जाब देण्याची तयारी. ही चौथी कसोटी २०१३ सालीं घातली गेली, आणि आमच्या मतें तीच सर्वांत महत्त्वाची. नांव घालावयाचें वा गाळावयाचें तर सर्वांची, आणि ज्याचें गाळावयाचें त्याचीही, लेखी संमति घ्यावी, असें प्रकाशननीतीचा विचार करणाऱ्या संस्था सांगतात. अलीकडे कामाचे चौदा प्रकार ठरवून कोणीं कोणतें काम केलें हें निबंधाखालीं छापण्याची रीत निघाली आहे. त्यांत आज्ञावलीचें काम हा एक स्वतंत्र प्रकार आहे. त्या परीक्षकाच्या प्रश्नाचें उत्तर त्या काळीं सर्वांपुढें द्यावें लागलें असतें, तर आमची सही इतक्या सहज उमटली असती काय, याची आम्हांस शंका आहे.

हा जुना ओशाळेपणा मनांत होता म्हणूनच कीं काय, आम्हीं दुसऱ्या प्रतीवर मोठ्या आवेशानें लिहिलें. शास्त्रीय सूचना थोडक्यांत संपविली आणि शेवटीं विचारलें: पहिल्या प्रतींत असलेलें एक नांव या प्रतींत नाहीं, आज्ञावली कोणाची, व नांव कां काढलें, याचा खुलासा व्हावा. खालीं सही. आपण एका अबलेची बाजू घेतली, असेंही त्या रात्रीं वाटून गेलें असेल.

पहिल्या लेखकांचें उत्तर दोन ओळींचें होतें: नांव संबंधित व्यक्तीच्याच विनंतीवरून, लेखी संमतीनें काढलें आहे. चार दिवसांनीं त्याच चर्चेंत त्या बाईंचें स्वतःचें पत्र आलें. भाषा अत्यंत सौम्य होती. आज्ञावली आपण लिहिली, असें त्यांनीं सांगितलें. पुलावर आठ आठवडे उभें राहून माणसें मोजलीं तीही आपणच. जिन्याच्या तोंडाशीं थांबणारा वर्ग ग्रंथांत नाहीं हें खरें; तो पुलावर आहे. फलकावर आंकडा येईपर्यंत हे लोक अर्धी वाट अडवून उभे असतात, आणि आंकडा येतांच खालून चढणाऱ्यांच्या अंगावर उतरतात. परीक्षकांच्या सूचनेवरून तो वर्ग काढण्याचें इतर लेखकांनीं ठरविलें. त्याविना पूल निर्धोक दिसतो. त्या निष्कर्षाबद्दल उद्यां कोणीं जाब विचारला तर तो आपणांस देतां येणार नाहीं. म्हणून आपण नांव मागें घेतलें. जुनी आज्ञावली त्यांनीं पत्रासोबत जोडली होती.

वाचकहो, पस्तीस वर्षें त्या जिन्याच्या तोंडाशीं आम्ही उभे होतों. त्या वर्गांतला एक ठिपका आम्ही स्वतः होतों. ग्रंथांत तो नाहीं म्हणून आम्हींच तो पुसावयास लाविला, आणि त्याबरोबर एक नांव पुसलें गेलें. मोठ्यांनीं तें गिळलें असेल असें आम्हीं गृहीत धरलें. खरी गोष्ट अशी कीं, नांव म्हणजे जाब, हा अर्थ त्या सर्वांत तरुण असलेल्या बाईंसच नीट कळला होता.

आम्हीं ती आज्ञावली शेजारच्या मुलाच्या मदतीनें घरच्या यंत्रावर चालविली. एकदां तो वर्ग ठेवून, एकदां काढून. ठेवला असतां जिन्याच्या वरच्या टोंकाशीं ठिपके दाटूं लागतात आणि गर्दी पुष्कळ लौकर तुंबते. काढला असतां प्रवाह शांतपणें वाहत राहतो. दोन दिवसांनीं आम्ही संध्याकाळीं घाटकोपरास गेलों. तेथें २०१४ सालापासून मेट्रोचा प्रवाह रेल्वेच्या प्रवाहांत येऊन मिळतो. आम्ही एका कडेस उभे राहून पाहत होतों. फलकाकडे माना वर केलेल्या त्या माणसांस मोजावयास ग्रंथाची गरज नव्हती.

मग आम्हीं तिसरें मत लिहिलें: आमची पहिली सूचना चुकीची होती, तो वर्ग परत घालावा, आणि दोन्ही निष्कर्ष शेजारीं शेजारीं छापावेत. हें लिहितांना हात जड झाला. गुप्त परीक्षण असतें तर हीच गोष्ट संपादकांच्या कानांत सांगून मोकळें होतां आलें असतें. कदाचित् सांगण्याची वेळच आली नसती, कारण त्या बाईंचें पत्र आमच्यापर्यंत येण्यास वाट नव्हती. उघड्या परीक्षणाची महती गाणाऱ्यांस एक मात्र सांगितलें पाहिजे. त्या बाई तोंपर्यंत ती संस्था सोडून दुसरीकडे नोकरीस लागल्या होत्या, म्हणून त्यांस तें पत्र लिहिणें परवडलें. पदवी वडिलांच्या हातीं अडकलेली असती तर? उघडेपणाची किंमत सर्वांस सारखी पडत नाहीं. आमच्यासारख्या निवृत्तास ती थोडी लाज इतकीच पडते. तरुणास ती पोटाशीं पडूं शकते. यास्तव वडिलांनीं आधीं सही करावी, धाकट्यांकडून तिची अपेक्षा मागाहून करावी, असें आम्हांस वाटतें. आणि नांव येवो वा जावो, तें कां आलें व कां गेलें याची एक ओळ निबंधाखालीं छापली जावी. नुसतें गेलेलें नांव पाहून आमच्यासारखा परीक्षक भलताच निकाल देतो.

तो जुना विद्यार्थी आतां बोरिवलीस असतो. एका परिचितांकडून ठिकाणा मिळवून आम्हीं त्यास फोन केला. घड्याळ, खिडकी, रात्रीचें यंत्र, सारें त्यास आठवत होतें. तो म्हणाला, ‘सर, पहिला अर्धा तास मीं वगळला होता, तो तुम्हीं तसाच ठेवलात ना?’ ठेवला, असें आम्हीं सांगितलें, आणि तें उत्तर आमच्या सहीनें गेलें हेंही सांगितलें. थोडा वेळ तो बोलला नाहीं. मग त्यानें एक गोष्ट सांगितली, ती आम्हांस अगदीं ठाऊक नव्हती. त्या वेळीं एका जागेसाठीं तो मुलाखतीस गेला असतां त्यानें तो छापील निबंध पुढें ठेवला होता. यांत तुमचें नांव कोठें आहे, असें त्यास विचारण्यांत आलें, तेव्हां त्यानें शेवटची ओळ दाखविली. ती जागा त्यास मिळाली नाहीं. ‘तेवढ्यामुळेंच असें नाहीं, सर,’ असें त्यानें लगेच म्हटलें. तें आम्हांस बरें वाटावें म्हणून म्हटलें असावें.

निबंधास त्याचें नांव जोडतां येईल काय, याचा आम्हीं तपास केला. तें नियतकालिक केव्हांच बंद पडलें आहे. जोडणारें कोणी उरलेलें नाहीं. मग या लेखांत तरी तें द्यावें असें वाटून त्याची परवानगी विचारली. तो हंसला. ‘आतां नको, सर. आतां मी त्याचें काय करूं?’

पुलाच्या निबंधाची तिसरी प्रत हें लिहीपर्यंत आलेली नाहीं. ती येईल तेव्हां आम्ही पहिल्यानें नांवें मोजणार आहों.